मांजरीचं पिल्लू सापडलं तर : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

पहिला वळीव पडला की कौलं गळायला लागतात. माळ्यावर व्यायलेली मांजरी पिल्लं तोंडात धरून कोरडी जागा शोधत फिरते, आणि नेमकं तेव्हाच कुणाला तरी परड्यात, जिन्याखाली नाहीतर लाकडांच्या ढिगात एकटं ओरडणारं पिल्लू दिसतं. माणूस कळवळतो, पिल्लू उचलतो, वाटीत गाईचं दूध पुढं करतो. दोन दिवसांत पिल्लू जातं आणि "जगणारं नव्हतंच ते" म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा ते जगणारं असतं. पुढच्या पायऱ्या याच क्रमानं घ्या, कारण घोळ बहुतेक क्रमातच होतो.

१. आधी उचलू नका

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडं म्हणतात. आकडा सोडा, पण ती जागा बदलते हे खरं, आणि एका खेपेला एकच पिल्लू नेते. म्हणजे तुम्हाला दिसलेलं "सोडून दिलेलं" पिल्लू हे बऱ्याचदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेची वाट बघणारं असतं. तुम्ही शेजारी उभे राहिलात तर आई येणारच नाही. घरात जा, खिडकीतून बघा.

पिल्लं कोरडी, पोट भरलेली आणि एकमेकांना चिकटून झोपलेली असतील तर चार-सहा तास थांबायला हरकत नाही. सतत नजर ठेवता येत नसेल तर त्यांच्याभोवती ज्वारीच्या पिठाचं पातळ कडं घाला. पीठ विस्कटलं, पायाचे ठसे उमटले, तर आई येऊन गेली. कुत्र्यांची किंवा गाड्यांची भीती असेल तर पिल्लं दोन-चार फुटांवर आडोशाला, उघड्या खोक्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून मांजरी पिल्लू टाकत नाही.

थांबायचं नाही ते एवढ्यासाठीच : पिल्लू गार पडलंय, भिजलंय, मुंग्या लागल्यात, जखम आहे, किंवा आई मेलेली दिसली. मग लगेच उचला.

२. उसाच्या फडातलं पिल्लू घरी आणू नका

चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणी पट्ट्यात तोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. ती गावमांजराची असतीलच असं नाही. रानमांजर उसात वितं आणि बिबट्याही वितो. खानापूरच्या जंगलाकडं वाघाटी असते. जगातल्या सगळ्यात लहान जंगली मांजरांपैकी ही एक, त्यामुळे तिचं पिल्लू हमखास घरच्या मांजराचं वाटतं. लांब पाय, कानाच्या टोकाला केसांचा झुबका, आखूड आणि वळी असलेली शेपटी ही रानमांजराची खूण. जाड पंजे, मोठं डोकं, अंगभर ठिपके आणि मांजराच्या पिल्लाच्या मानानं भलताच जड देह असेल तर मागं सरा. बिबट्याची मादी जवळच असते.

अशा पिल्लांना हात न लावता तेवढा पट्टा तोडायचा ठेवा आणि वनखात्याला कळवा. आई बहुतेक रात्री येऊन घेऊन जाते. ही सगळी जनावरं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. "वाढवून सोडतो" म्हणून घरी ठेवणंही गुन्हाच आहे.

३. सामान

- उंच कडेचं खोकं किंवा चिव्याची बुट्टी, आत जुनी सुती चादर (टॉवेल नको, दोऱ्यात नखं अडकतात)
- एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा
- मांजराच्या पिल्लांची दूध पावडर. ती पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. लहान बाळाची पावडर नको
- सुई काढलेल्या १ आणि २ मिलीच्या सिरिंज, पाच-सहा तरी
- कापूस, बारीक दातांची फणी, डिजिटल थर्मामीटर
- एक लिटरच्या प्लॅस्टिक बाटल्या आणि जुने पायमोजे
- वही

वही कशाला, असं वाटेल. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "काल वजन किती होतं?" त्याचं उत्तर डोक्यात राहत नाही.

४. वय ओळखा, कारण पुढचं सगळं वयावर आहे

नाळ लोंबत असेल तर पाच दिवसांच्या आतलं. डोळे मिटलेले, कान दुमडलेले असतील तर पहिला आठवडा. डोळे साधारण आठव्या ते बाराव्या दिवसात उघडतात. ओढून उघडायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात कान उभे राहतात, पुढचे बारीक दात बोटाला लागतात, चाल लडखडती असते. चौथ्यात सुळे येतात आणि पिल्लू खेळायला लागतं.

जन्मतः वजन १०० ग्रॅमच्या आसपास, पुढं आठवड्याला अंदाजे १०० ग्रॅम वाढ, आठ आठवड्यांना ९०० ग्रॅम ते एक किलो. गल्लीतल्या उपाशी आईची पिल्लं यापेक्षा हलकी असतात, म्हणून वय दातांवरून ठरवा, वजनावरून नको.

५. आधी ऊब, मग दूध

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. गार पिल्लाची आतडी चालत नाहीत. त्याला दूध पाजलं तर ते पोटात कुजतं किंवा उलटून फुप्फुसात जातं. भुकेलं पिल्लू काही तास तग धरतं, पण गार असताना पाजलेलं बहुतेक दगावतंच.

तोंडात करंगळीचं टोक घाला. आतून गार लागलं तर पिल्लू गारठलंय. पहिल्या आठवड्यात अंगाचं तापमान ३५ अंशांच्या खाली असेल तर दूध नाही. बाटलीत गरम पाणी भरा, बूच घट्ट लावा, पायमोज्यात घाला, वर चादरीची एक घडी. मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरून सोसवली पाहिजे. पिल्लू आधी आपल्या अंगाशी, सदऱ्याच्या आत धरलं तरी चालतं. एक ते तीन तासांत हळूहळू ऊब आणायची. हेअर ड्रायर, चुलीजवळ ठेवणं, गरम पाण्यात बुडवणं यातलं काही करू नका, झटक्यात तापवलेलं पिल्लू कोसळतं. ऊब येऊ लागल्यावरही मान टाकत असेल तर साखरेच्या पाण्याचा थेंब हिरडीला चोळा आणि डॉक्टर गाठा.

खोक्याच्या अर्ध्याच भागात बाटली ठेवा, म्हणजे जास्त झालं तर पिल्लू सरकू शकतं. पहिल्या आठवड्यात खोक्यात ३० अंशांच्या आसपास हवं, चौथ्यापर्यंत २४-२५ वर आणा. बेळगावची डिसेंबरातली रात्र आणि खानापूरचा जुलै दोन्ही यापेक्षा बरेच गार. बाटली दोन-अडीच तासांत निवते, म्हणून दूध पाजायच्या वेळीच बदला. बल्ब टांगणार असाल तर एक गोष्ट : एलईडी बल्बला ऊब नसते. शिवाय पावसात वीज जाते, तेव्हा बाटल्यांची सवय ठेवलेली बरी.

६. दूध

गाईच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश कमी, दुग्धशर्करा जास्त. परिणाम हगवण, आणि १५० ग्रॅमच्या जिवाला एका रात्रीची हगवण पुरते. रात्री दुकानं बंद असतील तर सकाळपर्यंत शेळीच्या दुधावर वेळ मारून न्या, पण त्यात मध, साखर घालू नका.

पावडर डब्यावरच्या प्रमाणातच कालवा. घट्ट केली की बद्धकोष्ठ, पातळ केली की पिल्लू उपाशी. दूध मनगटावर थेंब टाकून कोमट लागलं पाहिजे. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तास चालतं, पण एकदा तापवून उरलेलं टाकून द्या.

एका वेळी १०० ग्रॅम वजनामागं ४ मिली, त्याहून जास्त नाही. २०० ग्रॅमच्या पिल्लाला ८ मिली. पहिले दोन आठवडे दिवसाकाठी १०० ग्रॅममागं २५ ते ३० मिली झालं पाहिजे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, दुसऱ्यात तीन-चार, तिसऱ्यात चार-पाच, चौथ्यात पाच-सहा तासांनी. पहिले दोन आठवडे रात्रीही. घरातल्या दोघांनी पाळी लावून घ्या, एकट्यानं चौथ्या रात्री गजर ऐकू येत नाही.

पिल्लू पालथंच धरा, जसं ते आईखाली असतं, आणि डोकं किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनळीत जातं. नवख्यांच्या हातून होणारी ही सगळ्यात मोठी चूक. सिरिंजचं टोक तोंडाच्या कडेनं घाला, दट्ट्या इतका हळू दाबा की थेंब थेंब पडेल, गिळल्याचं दिसेपर्यंत थांबा. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करून पुसा, आणि पुढचे दोन दिवस श्वासाला घरघर आहे का ऐका. असेल तर फुप्फुसं सुजली असतील, घरगुती उपाय करत बसू नका. पाजून झाल्यावर खांद्याशी धरून पाठ थोपटा.

रोज एकाच वेळी, पाजण्याआधी वजन. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. एक दिवस वजन जागच्या जागी राहिलं तर लक्ष ठेवा, घटलं तर त्याच दिवशी दवाखाना.

७. शी-शू तुम्हालाच करवायची आहे

तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला ते आपलं आपण जमत नाही, आई चाटून करवते. प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस शेपटीखाली हलक्या हातानं फिरवा. शू दर वेळी व्हायला हवी, फिक्कट. शी दिवसाला एक-दोनदा, मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टइतकी घट्ट. हिरवट, पांढरी किंवा पाण्यासारखी असेल तर मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. ओंगळ वाटेल, पण वर्णनापेक्षा फोटो उपयोगी.

८. पिसवा, फिनेल आणि घरातली इतर विषं

पिसवा लहान पिल्लाचं एवढं रक्त पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात. चार आठवड्यांच्या आत औषध लावायचं नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका, आधी मानेभोवती फेसाचं कडं करा म्हणजे पिसवा डोक्याकडं पळत नाहीत, मग अंग धुवा, फणी मारा, पाच मिनिटांत पूर्ण कोरडं करून उबेला ठेवा.

कुत्र्यांचं पिसवांचं औषध मांजराला कधीही नाही. त्यातल्या परमेथ्रिननं मांजर झटके येऊन मरतं. तापाची आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे, पाव तुकडासुद्धा. जखमेवर डेटॉल नको, पिल्लं ठेवलेल्या खोलीत फिनेलचा पोछा नको, कापूर आणि निलगिरी तेलही नको. मांजर अंग चाटतं आणि त्याच्या यकृताला हे पदार्थ पचवता येत नाहीत. जखमेला मिठाचं सौम्य पाणी पुरे.

उंदरांसाठी लावलेल्या चिकट पुठ्ठ्यात पिल्लू अडकलं तर ओढू नका. खोबरेल चोळून सुटं करा, मग साबणानं तेल काढा. उंदरांचं औषध टाकलेल्या घरात तर पिल्लू ठेवूच नका.

९. चौथ्या आठवड्यापासून जेवण

आधी दुधातच पिल्लांचं ओलं खाद्य कालवून ताटलीत द्या. मग बिनमिठाचं उकडलेलं चिकन बारीक करून. कांदा-लसूण असलेलं कालवण वर्ज्य, मांजराच्या रक्तपेशी त्यानं फुटतात. दूध-भातावर मांजर वाढतं हा आपला जुना समज. वाढतं ते बाहेर उंदीर-पाली खाऊन. नुसता दूध-भात खाणारं घरातलं पिल्लू अशक्तच राहतं, मांजराला मांस लागतं. आणि कौतुकानं कुंदा चाटवायचा मोह आवरा.

शीसाठी उथळ ट्रेमध्ये चाळलेली वाळू. ओली झाली की गोळा होणारी विकतची वाळू दोन महिन्यांच्या आत नको, पिल्लं ती खातात आणि ती आतड्यात फुगते. ट्रे रोज साफ करा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं.

१०. जंत, लस आणि चौदा दिवसांचं वेगळं ठेवणं

जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून, दर दोन आठवड्यांनी, वजनावर डोस डॉक्टरांनी ठरवून. तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांना, पुढं तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना आणि मग दरवर्षी.

घरात आधीचं मांजर असेल तर नवं पिल्लू चौदा दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत. यामागं पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणू-रोगाची धास्ती आहे. पिल्लू अचानक खाणं सोडतं, उलट्या करतं, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं पण पीत नाही. हा विषाणू फरशीच्या फटीत वर्षभर टिकतो, फिनेल किंवा स्पिरिटला दाद देत नाही. साध्या ब्लीचचं एक लिटर पाण्यात ३० मिली असं पाणी करून दहा मिनिटं राहू द्यावं लागतं. संडास साफ करायचं ॲसिड त्यात मिसळू नका, विषारी वायू होतो. हा रोग एकदा झालेल्या घरात बिनलसीचं पिल्लू वर्षभर आणू नये.

तालुक्याच्या सरकारी पशु दवाखान्यात जाण्याआधी फोन करा. तिथला रोजचा पेशंट गाय, म्हैस, शेळी. मांजराची लस असेलच असं नाही. पाटी कन्नडमध्ये, 'पशु आस्पत्रे'. मराठी बहुतेकांना कळतं, न कळल्यास 'बेक्किन मरी' म्हणजे मांजराचं पिल्लू एवढं पुरतं. १९६२ हा फिरती पशुवैद्यकीय गाडी बोलवायचा फोन नंबर मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, पिल्लाच्या सर्दीसाठी तो अडवू नका. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना बेळगाव. कार्ड मात्र एकच ठेवा, म्हणजे डॉक्टर बदलला तरी लस दुबार किंवा चुकीच्या अंतरानं होत नाही.

११. चावलं, ओरबाडलं तर

वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट भरू नका, पट्टी घट्ट बांधू नका. त्याच दिवशी माणसांच्या सरकारी दवाखान्यात. रेबीजची लस कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशी, स्नायूत दिली तर १४ वा दिवस त्यात वाढतो. खोल चाव्याला जखमेत सीरमही लागतं, ते मागून घ्या. "लहान पिल्लूच तर होतं" हे कारण नाही.

१२. आई राहिलीच

पिल्लं वाढवली, घरं मिळाली आणि आई तशीच सोडली, तर दोन-अडीच महिन्यांत पुन्हा तिथंच उभे. मांजरी ६३ ते ६५ दिवसांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिची लेक चार-पाच महिन्यांची झाली की तीही. पिल्लं सहा-आठ आठवड्यांची झाली, आईचं दूध आटलं, की तिचं नसबंदीचं ऑपरेशन. बोक्यांचंही करा, रात्रीची भांडणं आणि दारावर मुतणं त्यानंच कमी होतं. माज दाबायची इंजेक्शनं-गोळ्या स्वस्त पडतात खऱ्या, पण गर्भाशयात पू आणि स्तनाच्या गाठी होतात.

डॉक्टरांना आधीच विचारा : मांजराचं ऑपरेशन नेहमी करता का, टाके विरघळणारे घालाल का, वेदनाशामक द्याल का, भूल असतानाच डाव्या कानाचं टोक कापाल का. शेवटच्या प्रश्नाला काही डॉक्टर बिचकतात. समजावून सांगा : कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं की हिचं ऑपरेशन झालंय हे लांबूनच कळतं, नाहीतर तीच मांजरी पुन्हा पकडून पुन्हा फाडली जाते.

पिंजरा घुशीच्या पिंजऱ्यासारखाच, पण अडीच-तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच. वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येतो. तारेची कड आत वळलेली राहू देऊ नका. तीन-चार दिवस दार बांधून उघडं ठेवा आणि रोजचं खाणं आतच द्या. पकडायच्या आदल्या दिवशी खाणं बंद, म्हणजे भुकेनं आत येते आणि भुलीसाठी पोटही रिकामं राहतं. तळाला वर्तमानपत्र, अगदी मागच्या टोकाला भाजलेला सुका बोंबील. दार पडलं की लगेच पिंजऱ्यावर गोणपाट टाका. अंधार झाला की ती शांत होते, न झाकल्यास तारेवर नाक फोडून घेते. पिंजरा सोडून घरी जाऊ नका, आत हात घालू नका, पिंजऱ्यातून पिशवीत घालायचा प्रयत्न तर मुळीच नको. तशीच दवाखान्यात न्या, डॉक्टर जाळीतून सुई देतात.

नंतर बोका एक रात्र, मांजरी दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत. जखम रोज लांबून बघा. मग जिथून आणली तिथंच सोडा. लांब रानात किंवा बाजारपेठेत नेऊन सोडलेलं मांजर बहुतेक उपाशी मरतं, आणि मोकळ्या जागी दुसरं येतंच.

१३. गल्लीशी जुळवून

खाणं ठरल्या वेळी, ठरल्या जागी, दुसऱ्याच्या दारासमोर नाही. अर्ध्या तासानं ताटल्या उचला. निम्मी भांडणं उरलेल्या भातामुळं आणि त्यावर जमणाऱ्या कुत्र्यांमुळं होतात. पावसात आडोसा करायचा तर प्लॅस्टिकचा क्रेट पालथा, दोन विटांवर, आत भाताचं पिंजर. चादर घालू नका, ती ओल धरून ठेवते.

कुणी विष घालायची भाषा केली तर वाद घालण्याआधी शांतपणे सांगा : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावर मारणं, लुळं करणं याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा वेगळाच. अर्ज द्यायची वेळ आली तर कन्नडमध्ये लिहून घ्या, फोटो तारखेसह जोडा, पोच घ्या.

१४. घर देताना

आठ आठवड्यांच्या आत देऊ नका, दहा-बारा झाले तर उत्तम. शक्य तर दोन पिल्लं एकत्र. सोबत लसीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, तुमच्या वहीतली वजनं आणि चालू खाणं चार दिवसांचं. घेणाऱ्याकडून एका कागदावर लिहून घ्या : सहाव्या महिन्याच्या आत ऑपरेशन, आणि जमलं नाही तर पिल्लू परत तुमच्याकडं. वरच्या मजल्यावर राहत असतील तर गॅलरीला जाळी बघून या. थंडीत गाडी घरासमोर लावणाऱ्यांना इंजिनात बसायची खोड सांगा. सकाळी चावी फिरवण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप.